पाळणा, बांगड्या आन नळदुर्गच्या फाट्यावरचा दगड

समद्या उस्मानाबाद जिल्ह्यात माझ्याइतकं इंग्रजी कुणीच लिवलेलं न्हाय. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, आजबी येत न्हाय.

म्या मैलाचे दगड रंगवायचो. सडकेच्या कडंला मैलामैलावर दगड आसतो, त्याच्यावर म्होरल्या गावाचं नाव आन किती मैल राहिलं ते लिवलेलं आसतं. ते कुणीतरी लिवत आसंल, हे कुणाच्या ध्यानातच येत न्हाय. लोकांना वाटतं दगड तसाच उगवतो, नावासकट. तर त्यो कुणीतरी म्हणजे म्या. आईबापानं नाव दगडू ठेवलं आन सरकारनं काम दगडाचंच दिलं. सरकार माणूस पारखत न्हाय आसं कोण म्हणतो?

साळेचं म्हणाल, तर गावात साळा व्हती. तिच्या भिताडाला म्या चुना मारलाय. तेवढाच तिचा आन माझा संबंध. ह्या दिवाळी अंकवाल्यांनी अनुभव मागितले तवा म्या बोललो आन गावातल्या मास्तरनं उतरून घेतलं. मधीच त्यो माझं बोलणं शुद्ध करायला लागला. म्या म्हणलं, "मास्तर, लई सायबांनी मला शुद्ध करून बघितलं. तुमी कशाला दमताव?"

ह्या धंद्यात म्या आलो त्यो बैलाच्या शिंगावरनं. पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं म्या रंगवायचो. एका वर्सी सडकेचे मुकादम मागं उभे राहून बघत व्हते. म्हणले, "हात हालत न्हाय रं तुजा. सडकेवर येतूस का कामाला?"

म्या इचारलं, "तिथं कुणाची शिंगं रंगवायची?"

"तिथं दगडं हायती. शिंगं सायबांना आसत्यात, ती रंगवावी लागत न्हाईत."

सरकारात खरं बोलणारा माणूस मला भेटला त्यो तेवढाच.

निजाम जाऊन काही वर्सं झाली व्हती. मंग राज्यंच फिरली. आमी हैदराबादेत व्हतो, ते जागचं न हालता मुंबई राज्यात गेलो. म्हस तीच, दावं तेच, राज्य दुसरं. जुन्या दगडांवर उर्दू व्हतं. हुकूम आला, ते काढा आन वर मराठी, खाली इंग्रजी लिवा. मराठी कशापायी ते मला समजलं. म्या मुकादमांना इचारलं, "इंग्रज गेला न्हाय का?"

"गेला की."

"मंग ह्ये खालचं वाचणार कोण?"

"सायेब."

"सायबाला मराठी येत न्हाय?"

"येतं. पर मराठी वाचलं तर मंग त्यो सायेब कशाचा?"

आता काम कसं ते सांगतो, म्हणजे तुमी उगंच आदर करणार न्हाय. आधी दगड धुवायचा, कारण सडकेवरच्या कुत्र्यांनीबी त्याच्यावर आपापलं लिवून ठेवलेलं आसतं. मंग चुन्यात डिंक आन चिमूटभर नीळ घालून दोन हात द्यायचे. वाळला की कोळशाच्या भुकटीत घोळलेली सुतळी ताणायची आन टिचकी मारायची. सरळ रेघ उमटती. त्या रेघंवर काळ्या रंगानं नाव. दगड आसतो बकरीच्या उंचीचा आन नाव येतं तिच्या पोटापाशी. उभ्यानं जमत न्हाय, बसूनबी जमत न्हाय. सडकेच्या कडंला पालथं पडूनच लिवावं लागतं. माझी उमेदीची समदी वर्सं सरकारपुढं पालथं पडण्यात गेली. गाडीवान थांबून म्हणायचे, "मेलं का काय ह्ये?" दुसरा म्हणायचा, "न्हाय, सरकारी हाय."

इंग्रजी म्या चित्रं म्हणून शिकलो. सायेब कागदावर नाव काढून द्यायचे, म्या त्यातली चित्रं बघायचो. एक तंबू, एक फणी, एक छत्री, एक साप. एक पोट सुटलेला पाटील आन एक पोट सुटून वर पाय म्होरं टाकलेला पाटील. वाटोळं आन मधी पोकळ ती बांगडी. वरनं उघडा त्यो पाळणा. आमच्या तोंडात गावाचं नाव धाराशिव, सोपं, सुटसुटीत. म्हणूनच सरकारला चाललं नसंल. उस्मानाबाद लिवायला एवढी चित्रं लागायची की दगड सरायचा आन नाव उरायचं. त्यातबी एका सायबाला नाव बांगडीनं चालू करायचं आसायचं, तर दुसरा म्हणायचा पाळण्यानं कर. म्या दोघांनाबी "जी" म्हणायचो. "जी"ला स्पेलिंग नसतं.

भूमकडं ईट म्हणून मोठं गाव हाय. तिथल्या दगडावर म्या एक काठी आन एक छत्री काढली. सायबानं तेवढंच दिलं व्हतं. संध्याकाळपातूर गावातली पाच-सात माणसं आली, सरपंच म्होरं. "दगडू, आमच्या गावाला दोनच अक्षरं?"

"सायबांनी तेवढीच दिली."

"आन भूमला किती दिली?"

म्या बोटं मोजली. "पाच."

"भूमला पाच आन आमाला दोन? आमच्या गावची जत्रा बघितलीस का तू? आमच्या बाजाराला भूमचे लोक येत्यात!"

म्या म्हणलं, रंग हाय, जागा हाय, मला काय जातंय? काठी पुसून दोन फण्या काढल्या, मंग छत्री. तीन झाली. सरपंच म्हणले, आजून एक बसंल का? म्या म्हणलं, बसंल, पर मंग मैलाचा आकडा बसणार न्हाय, गाव किती लांब ते कळणार न्हाय. त्यांनी इचार केला आन तीनावर तडजोड केली. त्या राती धपाटी आन शेंगाची चटणी खाऊ घातली. म्होरच्या म्हैन्यात सायेब आले, तर त्यांनाबी फण्याच बरोबर वाटल्या. त्यांनी मला इचारलं न्हाय आन म्या सांगितलं न्हाय. सरकारात असंच शुद्धलेखन होतं.

खरी गंमत झाली नळदुर्गच्या फाट्यावर. तुळजापूरची सडक जिथं सोलापूर-हैदराबादच्या सडकंला मिळती, तिथं एक मोठा चौकोनी दगड व्हता. त्याच्या एका अंगाला सोलापूरकडनं येणाऱ्यांसाठी नळदुर्ग लिवायचं, दुसऱ्या अंगाला तुळजापूरकडनं येणाऱ्यांसाठी, तेबी नळदुर्गच. दगडासमोर शिद्रामअप्पांचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार मेढी आन वर पत्रा. त्या पत्र्याखाली अप्पांची लेक कस्तुरा कपबश्या विसळायची. म्हणून त्या एका दगडाला रंग द्यायला मला बाकीच्या धा दगडांएवढा येळ लागायचा.

अप्पांना म्या एकदा इचारून बघितलं. अप्पा सोलापूर-अक्कलकोटकडचे, बोलणं निम्मं कानडी, आन तोंड फटकळ. म्हणले, "तू रोजंदारीवर. आज हायस, उद्या न्हाईस. आधी कायम हो, मंग बोल. माझी पोरगी काय मैलाचा दगड हाय, कडंला उभी करून ठिवायला?"

तवा कायम व्हायचं म्हणजे काय, ते सांगतो. रोजंदारीवाल्याला काम आसंल तवा हजेरी, नसंल तवा वारा. कायम झालेल्याला मरंस्तवर नोकरी, काम आसू नसू. म्या कायम व्हायचं का न्हाय, ते दोन माणसांच्या हातात व्हतं, आन त्या दोघांचं नळदुर्गवरनं फाटलेलं.

एक जोगळेकर सायेब, सडकेचे इंजिनेर. पुण्याकडनं नवीन आलेले, चष्मा, पांढरी पँट, आन धुळीवर राग. त्यांचं म्हणणं, जसं मराठीत बोलतो तसंच इंग्रजीत लिवा. त्यांच्या नळदुर्गात आधी पाळणा आन त्याच्या मागं पाय टाकलेला पाटील.

दुसरे मीरसाब, हापिसातले बडे बाबू. निजामाच्या येळंपासनंचे. उर्दू, फारसी, इंग्रजी, मराठी समद्यात सही करणारे, आन कायम करायची शिफारस त्यांच्याच टेबलावरनं जायची. ते म्हणायचे, हैदराबादेतल्या जुन्या नकाशात गोऱ्या सायबांनी हात-हात जमीन मोजून जे लिवलं तेच बरोबर. त्यांच्या नळदुर्गात आधी त्योच पाटील आन मागं दोन बांगड्या.

जोगळेकर म्हणायचे, "दगडू, हा गोऱ्या लोकांचा अडाणीपणा आहे. त्यांना उच्चार येत नव्हते. आता आपलं राज्य आहे."

म्या म्हणायचो, "जी."

मीरसाब म्हणायचे, "अरे दगडू, ये कल के बच्चे मेरेकू नळदुर्ग सिखाते? मेरे दादा उस किल्ले पे दरोगा थे. नक्शे में क्या है वो लिख."

म्या म्हणायचो, "जी."

वर्सभर म्या ते नाव कितींदा तरी पुसून लिवलं. सोमवारी पाळणा, गुरवारी बांगड्या. एकदा हॉटेलात बसून म्या कुरकुरत व्हतो, "आता ह्ये म्हणतो पाळणा, त्यो म्हणतो बांगड्या. आधी कुठलं करू?" कस्तुरा कप विसळत व्हती. मान वर न करता म्हणली, "आधी बांगड्या. मंग पाळणा. तुमच्याकडं काय उलटी रीत हाय का?"

त्या दिवशी म्या चहा सांडला.

मंग मला अक्कल सुचली. मला अक्कल सुचली की कुणाचं तरी नुकसान होतं, बहुतेक माझंच. जोगळेकर सायबांचं बिऱ्हाड सोलापूरला, ते जीपनं तिकडनं यायचे. मीरसाब धाराशिवहून तुळजापूरवरनं एस्टीनं. मंग दगडाच्या सोलापूरकडच्या अंगाला म्या पाळणा काढला आन तुळजापूरकडच्या अंगाला बांगड्या. जोगळेकर आले, दगड बघितला, म्हणले, "शाबास." मीरसाब आले, दगड बघितला, म्हणले, "जीते रहो." हिंदुस्थानात दोन्ही पार्ट्यांना खूश ठेवणारा तवा एकच माणूस व्हता आन त्यो सडकेवर पालथा पडलेला व्हता. म्या अप्पांना जाऊन सांगितलं, सामानाची यादी करा, लगीन जवळ आलं.

आन त्याच आठवड्यात दोघं एका जीपमधनं आले.

बोरी नदीवरच्या पुलाचं काम चाललं व्हतं, ते बघायला मुंबईहून मोठे सायेब येणार व्हते. त्याची तयारी म्हणून दोघं संगट निघाले. जोगळेकर जीपमधनं उतरून दगडाला एक चक्कर मारून आले. मीरसाबांनी उलट्या बाजूनं चक्कर मारली. दोघं मधी भेटले. म्या चुन्याच्या बादलीमागं व्हतो.

"ये क्या है?" मीरसाब.

"हेच मी विचारतोय," जोगळेकर.

वर्सभरात दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच, की दगडू गाढव हाय. मंग तिथंच, माझ्या दगडापाशी, दोघांची जुंपली. गोरे सायेब, पेशवे, निजाम, समदे निघाले. अप्पांनी दोन चहा पाठवले ते गार झाले. शेवटाला जोगळेकर म्हणले, "ठीक आहे. मोठे साहेब येतील ते ठरवतील. तोपर्यंत हा दगड कोरा कर. एक अक्षर दिसता कामा नये. आणि दिसलं, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

मीरसाब जीपमधी बसताना म्हणले, "कोरा मतलब कोरा, दगडू. तेरी फाईल मेरे पास है, याद रख."

आता कोरा करायचं म्हणजे काय सोपं न्हाय. वर्सभराचा काळा रंग दगडानं पिलेला. वर चुना मारला की वाळल्यावर खालनं पाळणा डोकावायचा. आजून एक हात मारला की बांगड्या. भुतासारखं व्हायलं. मंग म्या पुलावर गेलो. तिथं लोखंडी कठड्याला गंज चढू नये म्हणून आधी एक अस्तराचा रंग देत्यात, त्यो लई दाट. त्याच्याखाली काय बी दडतं. मिस्त्रीकडनं एक डबा मागून आणला आन दगडाला चारी अंगांनी फासला. पाळणा गेला, बांगड्या गेल्या. त्याच्यावर चुना द्यायचा म्हणजे दगड पांढरा फेक. पर अस्तर वाळाय पाहिजे. म्या हात पुसले आन अप्पांच्या हॉटेलात जाऊन बसलो. कस्तुरा चुलीपाशी व्हती.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाय. त्या अस्तराचा रंग शेंदरी आसतो. तेलात कालवलेला, चकाकणारा. आन वार व्हता मंगळवार, आईच्या दर्शनाला तुळजापूरला जाणाऱ्या गाड्यांचा.

चहा आर्धा झाला तवा नारळ फुटल्याचा आवाज आला. बघतो तर एक धनगराची म्हातारी दगडाम्होरं हात जोडून उभी, मागं तिची मेंढरं. म्या पळतच गेलो. "मावशे, आगं काय करायलीस? ह्यो देव न्हाय, मैलाचा दगड हाय! हात लावू नगं, रंग वला हाय!"

"वलाच आसणार की, लेकरा. आत्ताच न्हाऊन बसलाय."

"आगं म्याच रंगवलाय सकाळी!"

"आस्सं? मंग तू हितला पुजारी व्हय?" म्हणून तिनं नारळाची एक वाटी माझ्या हातात ठिवली. "घे परसाद."

आता परसादाला न्हाय कसं म्हणायचं? म्या खाल्ला. माझं तोंड भरलेलं आसतानाच मागनं एक बैलगाडी थांबली. गाडीतल्या बाईनं हळद-कुकू वाहिलं. म्हातारी त्यांना म्हणली, "ह्यो पुजारी हाय, चांगला माणूस हाय." मला बोलता येत नव्हतं, खोबरं लई कडक व्हतं.

म्हणलं, एक-दोन दिसांत इसरतील, मंग चुना मारू. कशाचं काय! दुसऱ्या दिवशी एक ट्रक चढावर बंद पडला. डायव्हरनं नारळ फोडला, ट्रक चालू झाला. त्यानं त्याच्याआधी तासभर इंजिनात हात घातलेले, ते कुणी मोजलं न्हाय. मंग हैदराबादकडचा एकबी ट्रक दगडाला हात जोडल्याबिगर जाईना. आन ट्रक थांबला की चहा आलाच. अप्पांनी दुसरी चूल मांडली, दगडाभवती मातीचा कट्टा घातला, कुठनं तरी आणून चांदीचे डोळे चिकटवले. डोळे लावल्यावर दगड माझ्याकडंच बघायला लागला. गावात त्याला फाट्याचा म्हसोबा म्हणायला लागले. वर्सानुवर्सं म्या रोजंदारीवर पालथा पडलो, आन दगड माझ्या आधी कायम झाला.

अप्पा मला आता जावईबापू म्हणायला लागले. चहा फुकट. एवढंच म्हणले, "दगडू, त्या दगडाला हात लावशील तर पोरीचं नाव काढू नगस."

मोठे सायेब यायच्या दिवशी सकाळीच जोगळेकर आले. कट्ट्यापाशी उभं राहून म्हणले, "आपला दगड कुठं गेला?"

"हितंच हाय, सायेब."

"मग हे काय आहे?"

"त्याला बढती मिळाली, सायेब."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दगड तसाच. "आत्ताच्या आत्ता घासून काढ. मोठे साहेब पुलावरून निघालेत. हे दिसलं तर मी तुला ठेवत नाही. मजुरीवरही ठेवत नाही."

म्या घासलेटाचा डबा आन चिंधी घेतली. कट्ट्याभवती चाळीस-पन्नास माणसं गोळा झालेली. अप्पा म्होरं येऊन कमरंवर हात ठिवून उभे. त्यांनी नुसतं हॉटेलाच्या दाराकडं बघितलं. दारात कस्तुरा. मीरसाबबी त्याच जीपमधनं उतरले व्हते. म्या म्हणलं, मीरसाब, तुमी तरी सांगा. ते दगडाकडं बघून जरा मागं सरले आन म्हणले, "नको बाबा. नक्शे की बात अलग, देव की बात अलग. मैं बीच में नहीं पडता." वर्सभर मधीच पडलेला माणूस, नेमका त्याच दिवशी बाजूला झाला.

चिंधी लावली तर बायको जाती. न्हाय लावली तर नोकरी जाती, आन नोकरी गेली की बायकोबी जाती. तेवढ्यात मोठ्या सायबांची गाडी वळणावर दिसली. माझं डोकं बंद पडलं. आन म्या आयुष्यभर जे केलं तेच केलं, दगडाम्होरं पालथा पडलो. डोळे मिटले आन उठलोच न्हाय. तिला लोक भक्ती म्हणले. ती निव्वळ भीती व्हती.

मागनं कुणीतरी वरडलं, "अंगात आलं! दगडूच्या अंगात आलं!"

हलगी कुठनं आली देव जाणे. माझ्या डोक्यावर कुणीतरी लिंबू ठिवलं. गाडी थांबल्याचं ऐकू आलं. मोठे सायेब उतरले. त्यांना मराठी येत व्हतं, पर नोकरीत चढताना ते त्यांनी खालीच ठिवलं व्हतं. इंग्रजीत काय तरी इचारलं. जोगळेकर इंग्रजीत काय तरी अडखळले. मंग मोठ्या सायबांनी चपला काढल्याचा आवाज आला, म्हणलं, आता पाठीत बसती. ते कट्ट्यावर आले, दगडाला हात जोडले, आन मराठी परत आठवलं त्यांना. म्हणले, "हा माणूस कोण?"

"आपल्याकडचाच आहे, सर. पेंटर. रोजंदारीवर," जोगळेकर म्हणले.

"जागृत स्थान दिसतं. हा दगड हलवू नका. सडकेचा नवीन दगड पन्नास पावलं पुढे लावा. आणि ह्याला कायम करा." म्या एक डोळा किलकिला केला. सायेब म्होरं म्हणले, "पण खडी फोडायच्या गँगवर. ह्याच्या हातात पुन्हा ब्रश देऊ नका. नाहीतर जिल्ह्यातले सगळे दगड देव होतील आणि सडक कुठे जाते ते कुणालाच कळणार नाही."

म्या परत डोळा मिटला. लिंबू गडगडत खाली गेलं.

नवीन दगडावर काय लिवायचं, ते मोठ्या सायबांनी जाता-जाता सांगितलं. पाळणा ठिवा म्हणले, पर शेवटाला एक तंबू वाढवा, मुंबईत तसंच लिवत्यात. गाडी गेली. जोगळेकर आन मीरसाब गाडीच्या धुळीकडं बघत उभे राहिले. मंग मीरसाब म्हणले, "तंबू? आखिर में तंबू?" जोगळेकर म्हणले, "शुद्ध मूर्खपणा आहे, मीरसाहेब." आन वर्सभर एकमेकांशी भांडलेले ते दोघं अप्पांच्या बाकड्यावर शेजारी बसून एका बशीतली भजी खायला लागले. त्या नावानं दुश्मनी केली आन त्याच नावानं दोस्ती. मधल्या मधी माझा ब्रश गेला.

माझ्या जागी मॅट्रिक झालेला पेंटर आला. त्याला इंग्रजी वाचता यायचं, म्हणून त्याला स्वतःचं मत व्हतं. तीन मतांत चौथं. नवीन दगड कितीतरी म्हैने कोराच उभा व्हता.

म्या कायम झालो, लगीन झालं, आधी बांगड्या आन मंग पाळणा, रीतीपरमाणं. उरलेली नोकरी खड्डे बुजवण्यात गेली. खड्ड्याचं एक बरं आसतं, त्याच्या नावावरनं सायबांची भांडणं होत न्हाईत. मराठीत पडा का इंग्रजीत पडा, गुडघा सारखाच फुटतो. पर सांगायला लाज कसली, हात शिवशिवायचा. खडीच्या ढिगाऱ्यावर बसून म्या बोटानं धुळीत तंबू, साप, पोट सुटलेला पाटील काढायचो. गँगमधले म्हणायचे, "दगडू इंग्रजी लिवायलाय, बाजूला व्हा, देव होईल कशाचा तरी."

मागल्या साली लेकीकडं सास्तूरला निघालो व्हतो, म्या आन कस्तुरा, एस्टीनं. फाटा आला. आता तिथं कट्टा सिमेंटचा हाय, वर पत्रा, घंटा. डायव्हरनं गाडी हळू केली, समद्या एस्टीनं हात जोडले. शेजारी एक पाव्हणा व्हता, त्याला म्या म्हणलं, "ह्यो देव कुणी केलाय ठाव हाय का?"

"कुणी?"

"ह्या हातांनी. आत अजून माझं इंग्रजी हाय बघा. एका अंगाला पाळणा, एका अंगाला बांगड्या."

पाव्हण्यानं माझ्या हाताकडं बघून डोळे मोठे केले. मागच्या शिटावरची दोन माणसं म्होरं वाकली. म्या जरा ताठ बसलो.

कस्तुरा खिडकीतनं हात जोडून बसली व्हती. ती तशीच, मान न वळवता, समद्या गाडीला ऐकू जाईल आशी म्हणली, "तुमी दगड रंगवलाव. देव त्या म्हातारीनं केला. तुमी तवा माझ्या बापाच्या हॉटेलात चहा पीत बसला व्हताव."